पैनगंगेचा काठ आणि ऱ्हाईनचा काठ

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या भूमीवर युद्धकाळाची जी स्मारके आजही उभी आहेत, त्यांत कंधार, उदगीर आणि औसा येथील भुईकोट किल्ल्यांचा मान पहिला आहे. रुंद खंदक, एकात एक घातलेले तट, बुरुजांवरच्या तोफा आणि दगडांत कोरलेले फारसी लेख पाहिले म्हणजे हे किल्ले कोणाच्या भयाने आणि कोणाच्या खजिन्यातून उभे राहिले, हे जाणत्यास वेगळे सांगावे लागत नाही. राष्ट्रकूटांच्या काळापासून नांदत आलेले कंधार १६३१ साली मोगल सरदार नसीरीखानाने वेढा घालून घेतले. त्याच सरदाराने पुढे खानदौरान या किताबाने १६३६ साली उदगीर आणि औसा सर केले. आणि १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंनी, इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाच्या आणि तोफखान्याच्या बळावर निजामाचा मोड करून, सुमारे साठ लक्षांचा मुलूख व दौलताबादेसारखा किल्ला पदरात पाडून घेतला. ही सर्व युद्धे राज्याने राज्याशी केलेली होती. त्यांचे तहनामे झाले, त्यांच्या तारखा दप्तरांत नोंदल्या गेल्या, त्यांचे सेनापती आपल्या पाठ्यपुस्तकांत आले.

परंतु याच प्रदेशाच्या उत्तर कडेला, जेथे पैनगंगा नांदेड आणि यवतमाळ यांच्यामधून वळणे घेत वाहते आणि हदगाव, किनवट, माहूर या बाजूंस डोंगर व रान एकमेकांत मिसळून जातात, तेथे शतकानुशतके दुसऱ्या एका जातीचे युद्ध चालू होते. त्या युद्धात एका बाजूला राज्य होते आणि दुसऱ्या बाजूला राज्य नव्हतेच. होत्या त्या डोंगराच्या आश्रयाने राहणाऱ्या, आपल्या नाईकांखेरीज इतर कोणाचा हुकूम मनापासून न मानणाऱ्या लढाऊ जमाती. या युद्धाला तह नव्हता, आरंभ नव्हता आणि पुष्कळदा शेवटही नव्हता. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या हटकर नाईकांचा इतिहास हा या दुसऱ्या प्रकारच्या युद्धाचा इतिहास आहे. आणि तो नीट समजून घ्यावयाचा असेल, तर माझ्या मते रोमन साम्राज्याच्या सीमेवरील जमातींचा इतिहास त्याच्या शेजारी ठेवून वाचणे हा उत्तम मार्ग होय.

रोमचे नाव काढताच हे दोन प्रदेश एकमेकांस सर्वस्वी अपरिचित होते, असा समज कोणी करून घेऊ नये. लातूर जिल्हा १९८२ सालापर्यंत ज्या उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता, त्याच जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात तगर या नावाने त्याचा उल्लेख येतो आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून जाडे व तलम कापड भडोचच्या बंदराकडे जात असे, असे तो सांगतो. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात मिळालेली भारतीय हस्तिदंती मूर्ती यांचे साम्य विद्वानांनी दाखवून दिले आहे. बालाघाटच्या कुशीत विणलेले वस्त्र रोमच्या बाजारपेठांच्या वाटेला लागत होते, त्याच काळात रोमची सैन्ये ऱ्हाईन नदीच्या काठावर जर्मन जमातींशी झुंजत होती. व्यापाराने जोडलेल्या या दोन जगांची तुलना युद्धाच्या अंगानेही करून पाहण्यास म्हणूनच संकोच वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडील इतिहासप्रेमी मंडळींत रोमची चर्चा निघाली, की ती बहुधा हॅनिबलच्या हत्तींपाशी आणि सीझरच्या विजयांपाशी रमते. रोमन लीजनची रचना, पाच हजारांच्या आसपासचे तिचे संख्याबळ, दिवसभर कूच केल्यावर रोज सायंकाळी खंदक खणून छावणी उभारण्याची तिची शिस्त, यांचे कौतुक होते, आणि ते यथायोग्यही आहे. पण रोमच्या सामर्थ्याचे खरे रहस्य त्या लीजनमध्ये जेवढे होते, तेवढेच तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या साहाय्यक पलटणींत होते. या पलटणी सीमेवरील जमातींतून उभारल्या जात. ज्या गॉल, बटावी, थ्रेशियन लोकांशी आजोबांच्या काळी रोमने युद्ध केले, त्यांचेच नातू रोमच्या निशाणाखाली दुसऱ्या सीमेवर पहारा देत. आणि पंचवीस वर्षांची चाकरी पुरी झाल्यावर अशा शिपायास रोमचे नागरिकत्व मिळून त्याची सनद ब्राँझच्या पत्र्यावर कोरून दिली जाई. सीमा नकाशावर एखाद्या रेषेने दाखविता येत असली, तरी वास्तवात ती एक करार असते. राज्याने जमातीला मान, मोबदला आणि आपल्या रीतीने जगण्याची मोकळीक द्यावयाची, आणि जमातीने राज्याला शस्त्र व इमान द्यावयाचे, अशा अलिखित कराराने रोमची सीमा शांत राहत असे. आणि तो करार राज्याच्या अमलदारांनी मोडला म्हणजे ती पेटत असे.

आता पैनगंगेकडे वळू. हटकर हे मूळचे धनगर कुळातले; वऱ्हाडात त्यांना बरगी धनगर असेही म्हणत. मेंढरांमागे डोंगर तुडविणाऱ्या या लोकांची कांबळे आणि भाला ही दोन आयुधे मानली जात, कारण हाताभोवती गुंडाळलेले कांबळे ढालीचे काम करी आणि रात्री तेच पांघरूण होई. अकबराच्या काळी वऱ्हाडचा सुभा मोगलांच्या अमलाखाली आला, तेव्हा अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’मध्ये वाशिमच्या परिसरातील या लोकांची नोंद करताना त्यांना मानी आणि बंडखोर म्हटले असून, त्यांचे बळ एक हजार स्वार व पाच हजार प्यादे असल्याचे सांगितले आहे. ज्या ग्रंथात सुभ्यासुभ्याचा आणि सरकारासरकाराचा महसूल दामांच्या हिशेबाने मांडला आहे, त्यात एका जमातीच्या स्वभावाविषयी अशी टीप यावी, यावरूनच मोगल दरबारास त्यांची दखल किती घ्यावी लागत होती, हे स्पष्ट होते. वऱ्हाडच्या गॅझेटियरकारांनी त्यांच्या अंत्यविधीची जी रीत नोंदली आहे, तीही विचार करण्यासारखी आहे. रणात किंवा शिकारीत पडलेल्या हटकराला अग्नी दिला जाई. घरी अंथरुणावर मेलेल्यास मांडी घातलेल्या स्थितीत, तोंडात सोन्याचा कण ठेवून, भूमीत पुरत. ज्या समाजात मृत्यूच्या प्रकारावर अंत्यसंस्काराचा प्रकार ठरतो, त्या समाजाने शौर्याला केवढे स्थान दिले असेल, याविषयी अधिक बोलण्याची आवश्यकता नाही.

अशा लोकांना जिंकून उपयोग नसतो, हे मध्ययुगातील जाणत्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते. डोंगरात फौज पाठवावी, तर तिला खावयास काही मिळत नाही, आणि वाड्या जाळाव्यात, तर महिन्याभरात त्या पुन्हा उभ्या राहतात. म्हणून घाटवाटांची रखवाली ज्यांच्याकडून लुटीचा धोका, त्यांच्याकडेच सोपवावयाची, वाटसरूंच्या आणि गावांच्या संरक्षणाबद्दल त्यांना ठराविक हक्क लावून द्यावयाचे, नाइकीचे वतन वंशपरंपरेने चालवावयाचे आणि वेळप्रसंगी त्यांचे हत्यारबंद लोक चाकरीस बोलवावयाचे, ही पद्धत रूढ झाली. याच सीमेवरील माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्याचे उदाहरण तर या धोरणाचा कळस म्हणावा लागेल. हे घराणे मोगलांच्या मनसबदारीत चढले. त्याच घराण्यातील सावित्रीबाईने पतीच्या पश्चात स्वतः हत्यार धरून औरंगजेबाची चाकरी केली आणि रायबागन हा किताब मिळविला. आणि १६६१ साली कारतलबखानाच्या फौजेबरोबर कोकणात उतरत असता उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्या फौजेची कोंडी केली, तेव्हा शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिल्याचे इतिहास सांगतो. डोंगरी वाटांत अडकलेल्या फौजेची काय गत होते, हे माहूरच्या रानात वाढलेल्या त्या स्त्रीला दिल्लीच्या सरदारापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. सीमेवरचा माणूस साम्राज्यास का हवा असतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

रोमच्या सरदारास मात्र अशा वेळी सीमेवरच्या माणसानेच रानात नेऊन बुडविले होते. इ. स. ९ मध्ये व्हेरस नावाचा अधिकारी तीन लीजन घेऊन जर्मनीतील ट्युटोबर्गच्या अरण्यातून चालला असता त्याच्या संपूर्ण सेनेचा नाश झाला, आणि तो घडवून आणणारा आर्मिनियस हा जर्मन तरुण रोमच्या साहाय्यक पलटणींत वाढलेला, रोमचा नागरिक आणि मानाच्या दर्जाचा पदाधिकारी होता. जिंकलेल्या प्रांतात बसल्याप्रमाणे व्हेरसने या जमातींवर कर बसविले आणि रोमन कायद्याने निवाडे करावयास घेतले, हे त्या उद्रेकाचे कारण प्राचीन लेखकांनीच देऊन ठेवले आहे. जो करार साहाय्याचा होता, तो त्याने महसुलाचा करू पाहिला.

हाच प्रकार इ. स. ६९ मध्ये बटावी लोकांच्या बाबतीत घडला, आणि तो आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. ऱ्हाईनच्या मुखापाशी राहणाऱ्या या जमातीकडून रोम कर घेत नसे; तिने फक्त शिपाई द्यावेत, एवढाच ठराव होता, आणि बटावींच्या पलटणी रोमच्या सेनेत नामांकित होत्या. परंतु भरतीस गेलेल्या अधिकाऱ्यांनी म्हातारे आणि आजारी लोक धरून आणावयाचे व पैसे घेऊन सोडावयाचे, असा धंदा आरंभिला. त्या जमातीचा नायक सिव्हिलिस याने पंचवीस वर्षे रोमच्या छावण्यांत काढली होती; त्याच्या भावास बंडाच्या खोट्या आरोपावरून ठार मारण्यात आले आणि त्याला स्वतःला बेड्या घालून सम्राट नीरोकडे पाठविण्यात आले होते. अशा माणसाने अखेर शस्त्र उचलले, तेव्हा त्याने वेढा घातलेल्या व्हेटेरा येथील रोमन छावणीस उपासमारीने शरण यावे लागले. बंड पुढे मोडले. पण तोडलेल्या पुलाच्या दोन टोकांवर उभे राहून सिव्हिलिस आणि रोमन सेनापती बोलू लागतात, तेथेच रोमन इतिहासकार टॅसिटसच्या उपलब्ध ग्रंथाचा धागा तुटतो. बटावी मात्र नाहीसे झाले नाहीत. त्यांच्या पलटणी पुन्हा उभ्या राहिल्या आणि सम्राटाच्या अंगरक्षक स्वारांत त्यांना मानाचे स्थान मिळाले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात हा करार कसा मोडला, ते आता पाहावयाचे आहे. १८०८ पासून १८४३ पर्यंत राज्याचा कारभार बहुतांशी पेशकार राजा चंदुलाल यांच्या हाती होता. दरबाराचा खर्च अफाट वाढलेला, खजिना रिता आणि तगादा मात्र नित्याचा, अशा स्थितीत तालुके इजाऱ्याने देण्याची पद्धत बळावली. जो अधिक रकमेची बोली करील किंवा आगाऊ रक्कम भरील, त्यास तालुका मिळे. आणि दुसरा कोणी त्याहून अधिक देण्यास तयार झाला, की पहिल्याची उचलबांगडी होई. आज आलेल्या तालुकदारास उद्याची शाश्वती नाही, मग त्याने रयतेची आणि वतनदारांची कदर कशासाठी करावी? वसुलीसाठी अरब, रोहिले, शीख असे भाडोत्री शिपाई गावोगाव फिरू लागले. त्यांतील अरब जमादार तर स्वतःच सावकार बनून मुलूख गहाण घेऊ लागले. हैदराबादची विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी राज्यास जबर व्याजाने कर्ज देत होती, आणि त्या व्यवहाराचे स्वरूप पुढे रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने चव्हाट्यावर आणले. त्या कर्जाचा मोठा भाग ज्या फौजेच्या पगारासाठी निघत होता, ती फौज निजामाच्या पैशाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी होती. रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ साली उभारलेल्या ‘रसेल ब्रिगेड’पासून तिचा विस्तार झाला आणि पुढे हैदराबाद कंटिन्जंट या नावाने ती प्रसिद्धीस आली.

पैनगंगेच्या नाईकांना या व्यवस्थेत स्थानच उरले नाही. ज्याच्याकडे राखणीचा हक्क होता, तो इजारदाराच्या दृष्टीने वसुलातील तूट ठरला. ज्याची शस्त्रे पूर्वी सरकारच्या उपयोगाची होती, त्याची शस्त्रे आता कवायती पलटणींमुळे अनावश्यक आणि म्हणून संशयास्पद ठरली. नाईकांपैकी काहींनी परगण्यांतून आपल्या हक्काचा, आणि पुष्कळदा हक्काहून अधिकचा, पैसा परस्पर वसूल करण्यास सुरुवात केली, यात शंका नाही. गावांना त्याचा जाचही झाला. परंतु ज्या राज्यात सरकारी वसुलीच परवानगीची लूट बनली होती, त्या राज्याने केवळ नाईकांच्याच कपाळी दरोडेखोरीचा शिक्का मारावा, हा न्याय एकांगी होता, असे म्हणणे भाग आहे. इ. स. ३७६ मध्ये डॅन्यूब ओलांडून आश्रयास आलेल्या गॉथ लोकांना रोमन अधिकाऱ्यांनी धान्याच्या जागी कुत्र्यांचे मांस देऊन मोबदल्यात त्यांची माणसे गुलाम म्हणून घेतली, आणि दोनच वर्षांनी एड्रियानोपलच्या रणांगणावर त्याच गॉथांनी सम्राट व्हॅलेन्ससह पूर्वेच्या सेनेचा मोठा भाग कापून काढला. ती कथा सांगताना रोमचा इतिहासकार अम्मियानस आपल्या अधिकाऱ्यांचे पाप झाकत नाही. आपल्याकडील सरकारी वृत्तांतांत ही सचोटी क्वचितच आढळते.

नोवसाजी नाईक हा हटकर नाईकांपैकी सर्वांत बलाढ्य. हदगावच्या बाजूस नोव्हा येथील गढी हे त्याचे ठाणे. १८१८ साली पेशवाईचा अस्त झाला, कंपनी सरकारचे हात मोकळे झाले, आणि निजामाच्या राज्यातील अशा ठाण्यांकडे लक्ष देण्यास त्याच्या इंग्रज सल्लागारांना उसंत मिळाली. उमरखेडच्या बाजूस नाईकाचे आणि कवायती फौजेचे सामने झाले, आणि १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमन याने नोव्ह्यास वेढा दिला. गढीच्या शिबंदीत मुख्य भरणा अरब शिपायांचा होता. ज्या अरबांच्या जोरावर हैदराबादचे तालुकदार वसुली करीत, त्यांचेच जातभाई येथे तालुकदारांच्या शत्रूची चाकरी करीत होते. आणि बाहेर मोर्चे लावून बसलेले शिपाई पुष्कळसे हिंदुस्थानी, म्हणजे गंगा-यमुनेच्या प्रदेशातून आलेले होते. पैनगंगेचा काठ कोणाच्या ताब्यात राहावा, याचा निकाल अशा रीतीने बहुतांशी परमुलखांतून आलेल्या माणसांनी एकमेकांशी लढून लावावयाचा होता. साम्राज्यांच्या सीमेवर हे नेहमीच घडते. ब्रिटनमधील हेड्रियनच्या भिंतीवर सीरियाचे तिरंदाज पहारा देत असत.

वेढ्याचे स्वरूप शास्त्रोक्त होते. चर खणून फौज टप्प्याटप्प्याने खंदकापर्यंत नेली गेली, तोफांनी तटास खिंडार पाडले गेले आणि महिन्याच्या अखेरीस हल्ला चढवून गढी घेण्यात आली. शिबंदीने सहजासहजी हत्यार टाकले नाही. गढीतील बहुतेक लोक मारले गेले, आणि हल्ला करणाऱ्यांचीही पुष्कळ माणसे जखमी झाली. नोवसाजी पुढे हैदराबादेस नेला गेला आणि तेथेच त्याच्या आयुष्याचा शेवट झाला. रोमच्या इतिहासात याचे जवळचे सादृश्य इ. स. पूर्व १३३ मध्ये स्पेनमधील न्यूमान्शिया या छोट्या डोंगरी नगराच्या पाडावात सापडते. वीस वर्षे रोमच्या एकामागून एक सेनापतींना त्या नगराने दाद दिली नव्हती. शेवटी सिपिओने त्याच्याभोवती सात छावण्या आणि सलग तटबंदी उभारून, लढाई टाळून, भुकेने त्याचा प्राण घेतला. दोन्ही ठिकाणी जमातीच्या शौर्याचा पराभव शौर्याने झाला नाही. फावडे आणि कुदळ, नियमित पगार व रसद, आणि घाई न करणारी शिस्त यांनी तो केला. जमात एका दिवसाच्या झुंजीत साम्राज्याला हरवू शकते. पण महिनोन् महिने चालणारा वेढा ही खजिन्याची लढाई असते, आणि खजिना जमातीपाशी नसतो.

येथपर्यंत दोन्ही इतिहास समांतर चालतात. यापुढे त्यांच्या वाटा फुटतात, आणि या लेखाचे प्रयोजन त्या फाट्यापाशी आहे. पराभूत झालेल्या जमातींपुढे रोमने एक दार उघडे ठेवले होते. न्यूमान्शिया जमीनदोस्त झाले, पण त्याच स्पेनमधून पुढे ट्रेजन आणि हेड्रियन यांच्यासारखे सम्राट आले, गॉलच्या सरदारांना क्लॉडियस सम्राटाने रोमच्या वरिष्ठ सभेत बसविले, आणि इ. स. २१२ मध्ये साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना नागरिकत्व देण्यात आले. रोमचे क्रौर्य विसरण्याजोगे नाही. सीझरने गॉलमध्ये केलेल्या संहाराचे समर्थन कोणत्याही न्यायबुद्धीच्या माणसाने करू नये. तरीही जिंकलेल्या माणसास आपल्यात घेण्याची जी शक्ती त्या राज्यात होती, तिच्यामुळेच ते शतकानुशतके टिकले. पैनगंगेच्या नाईकांपुढे असे कोणतेही दार नव्हते. निजामाचा दरबार त्यांना सामावून घेण्याइतका सशक्त राहिला नव्हता, आणि कंपनी सरकारला त्यांची गरज वाटत नव्हती. जुना करार मोडला आणि नवा कोणी केला नाही. राखणदार, शिपाई आणि बंडखोर या तिन्ही भूमिकांतून गेलेली ही जमात मेंढरांकडे आणि शेतीकडे वळली, आणि पुढील अर्धशतकात इंग्रज गॅझेटियरकारांनी तिच्याविषयी लिहिले ते एखाद्या नामशेष झालेल्या पराक्रमाविषयी लिहावे तसे.

या विजयाचे फळ निजामासही गोड लागले नाही. ज्या फौजेने त्याच्यासाठी नोव्हा जिंकले, तिचा खर्च त्यास कधीच झेपला नाही. थकबाकी वाढत गेली आणि १८५३ साली कंटिन्जंटच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. पैनगंगेच्या सीमेवरील नाईक नाहीसे झाले, आणि पाठोपाठ त्या सीमेपलीकडचा निजामाचा मुलूखही नाहीसा झाला. सीमेवरच्या माणसांशी केलेला करार मोडून भाडोत्री सामर्थ्य विकत घेणाऱ्या राज्याला ते सामर्थ्यच शेवटी गिळते, हे पाचव्या शतकातील पश्चिम रोमप्रमाणे एकोणिसाव्या शतकातील हैदराबादनेही अनुभविले.

नोव्ह्याच्या लढाईचे नाव मात्र टिकले. ब्रिटिशांच्या काळी त्या वेढ्यात लढलेल्या पलटणींना ‘नोव्हा’ हा युद्धसन्मान मिळाला. या पलटणी १९२२ साली १९व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये सामील झाल्या आणि ती रेजिमेंट १९४५ साली कुमाऊँ रेजिमेंट झाली. अशा रीतीने हदगावच्या बाजूचे एक गाव हिमालयाच्या पायथ्याशी नांदणाऱ्या पलटणीच्या इतिहासात नोंदले गेले. जिंकणाऱ्यांनी त्या लढाईचा वृत्तांत लिहिला, बर्टन याने १९०५ साली कंटिन्जंटचा इतिहास प्रसिद्ध केला. गढीच्या आतल्या बाजूचा वृत्तांत मात्र कोणी लिहिला नाही.

ही उणीव भरून काढणे अशक्य आहे, असे मी मानीत नाही. आर्मिनियस आणि सिव्हिलिस यांच्याविषयी आपणांस जे ठाऊक आहे, तेही रोमन लेखकांकडूनच. परंतु टॅसिटसपाशी शत्रूच्या तक्रारीला शब्द देण्याइतके मनाचे मोठेपण होते, आणि आधुनिक काळातील संशोधकांनी भूमीच्या पोटातूनही साक्ष मिळविली. उत्तर इंग्लंडमधील व्हिंडोलांडा येथे १९७३ पासून लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडू लागली. त्यांत बटावी पलटणीतील माणसांच्या हिशेबांपासून वाढदिवसाच्या निमंत्रणापर्यंत सर्व काही आहे. ज्या जमातीविषयी इतरांनी लिहिले होते, तिचा स्वतःचा आवाज एकोणीसशे वर्षांनी ऐकू आला. आपल्याकडेही असा मार्ग दाखविणारे होऊन गेले आहेत. निलंग्यास जन्मलेले सेतुमाधवराव पगडी फारसी दप्तरांचे जाणकार तर होतेच. पण हैदराबाद राज्याच्या सेवेत असता आदिलाबादच्या रानात त्यांनी गोंडांच्या आणि कोलामांच्या भाषा शिकून घेतल्या, त्यांच्यावर लिहिले, आणि दरबारी इतिहास व रानातील इतिहास एकाच माणसाच्या अभ्यासात येऊ शकतात, हे सिद्ध केले. किनवटचा मुलूख १९५६ पर्यंत त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. पैनगंगेची सीमा त्यांच्या अभ्यासाच्या परिसरातच होती.

तेव्हा रोमच्या युद्धकलेवर प्रेम करणाऱ्या नांदेड-लातूरच्या इतिहासप्रेमी मंडळींना माझे सांगणे एवढेच आहे, की लीजनच्या रचनेचा आणि सीझरने गॉलमध्ये घातलेल्या ॲलिशियाच्या वेढ्याचा अभ्यास त्यांनी अवश्य करावा, परंतु त्या अभ्यासातून मिळणारी दृष्टी आपल्या उत्तर सीमेकडे वळवावी. नाइकीच्या वतनाचे कागद, इनामांच्या सनदा, देशमुख-देशपांड्यांच्या घरांतील जमाखर्च, हैदराबादच्या दप्तरांतील वसुलीच्या याद्या आणि हटकर कुटुंबांत सांगितल्या जाणाऱ्या वंशकथा ही सर्व साधने एकत्र मांडली, तर नोव्ह्याच्या वेढ्यापूर्वीची दोनशे वर्षे बोलू लागतील. कंधार आणि उदगीर येथील तटांमुळे राज्यांचा इतिहास आपोआप राखला गेला. गढीच्या मातीला तो राखता येत नाही, म्हणून ते काम माणसांनी करावयास हवे. पैनगंगेच्या काठच्या नाईकांनी आपल्या या मुलखाच्या वाटा राखल्या, साम्राज्यांना शिपाई दिले आणि करार मोडल्यावर शस्त्र उचलले. त्यांना बंडखोर या एका शब्दात गुंडाळून ठेवणे हा त्यांच्यावरील दुसरा अन्याय आहे, आणि हा दुसरा अन्याय दूर करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.